थंडीत घर ऊबदार कसं ठेवता? (बिल न फुगवता) – अनुभव धागा

माळवद
माळ्यावरचा तांब्याचा बंब घासायला खाली काढला आणि धाब्याचं घर डोळ्यापुढं आलं. हात-दोन हात जाडीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर. बाहेर कितीही गारठा असला तरी आत एक वाकळ पुरायची. आता खाली स्लॅब, वर पत्र्याची खोली. परभणीचा पारा सहा-सातवर आला की पत्र्याखाली झोपणं अन् ओसरीत झोपणं सारखंच. हीटर, एसी, शेगडी, बंब, जे माहीत असेल ते लिहा. पण वॅट, युनिट, खर्च सांगा. "मस्त वाटतं" एवढंच नको.

तीनफेज
हीटरच्या आधी सॉकेट बघा. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर. लहान पिनेचं सॉकेट ६ अँपिअरचं, त्यावर १३०० वॅटच्या पुढं जाऊ नका. मोठी पिन कन्व्हर्टरनं लहान सॉकेटात बसवली की आधी भोकाभोवती तपकिरी डाग पडतो, मग प्लास्टिक मऊ होतं, मग वास. १६ अँपिअरचा पॉइंट, त्याला २.५ चौरस मिमीची वेगळी तांब्याची वायर, १६ चा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटण). एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही. तपासायचं असं: २० मिनिटं चालवा, बटण बंद करा, पिन काढून हात लावा. कोमट असली तर ठीक. चटका बसला तर आतली पत्ती ढिली झालीय, सॉकेट बदला.

दुधना
अन् गावाकडं तोच हीटर नुसता लालसर होऊन बसतो, ऊब नाही. ते कशानं?

तीनफेज
@दुधना व्होल्टेज. हरभऱ्या-गव्हाच्या पाण्याला मोटारी लागल्या की घरात १८० येतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं उतरते, २००० चे १२०० वॅटच उरतात. हीटर बदलून काही होत नाही. युनिटं पण कमीच पडतात, तेवढंच समाधान 😄

खामकाठ
कोणता हीटर भारी यावर भांडू नका. हॅलोजन, ब्लोअर, तेलाचा, सगळे एका युनिटला सारखीच उष्णता देतात. फरक फक्त ती कुठं जाते यात. हॅलोजन समोरच्या माणसाला शेकतो, ४००-८०० वॅटमध्ये काम होतं, बंद केला की खेळ खलास. ब्लोअर खोली पटकन तापवतो, पण आवाज करतो आणि जाळीत धूळ बसली की जळका वास येतो. तेलाचा रेडिएटर तापायला अर्धा तास घेतो, बंद केल्यावरही बराच वेळ कोमट राहतो. त्यातलं तेल कधी भरावं लागत नाही, दुकानदार काही म्हणो. म्हातारं माणूस खुर्चीत बसून असेल तर हॅलोजन, रात्रभर खोली तापवायची तर तेलाचा.
एका युनिटला तीन युनिटांएवढी उष्णता फक्त एसी देतो, कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरून ओढून आणतो. पण तो 'हॉट अँड कोल्ड' हवा, साधा फक्त थंड करतो. अन् डब्यावरचे स्टार थंडाव्याचे असतात, ते बघून हीटिंगचा अंदाज बांधू नका. गरम हवा वर जाते, म्हणून झडप खाली करून ठेवा.

बालाघाट
दोन महिन्यांच्या थंडीला कोण एसी घेतंय 🙏

खामकाठ
हीटरसाठी घेऊच नका. उन्हाळ्यासाठी घेणारच असाल तर हॉट अँड कोल्ड घ्या, एवढंच.

लिंबूफूल
बिलाचं गणित बघा. २००० वॅट रोज चार तास = ८ युनिट, महिन्याला २४०. घरगुती मीटरला १०० युनिटांच्या पुढचा दर जवळपास दुप्पट, म्हणजे हीटरचं प्रत्येक युनिट महागाच्या टप्प्यात पडतं. १०० वॅटची गरम गादी आठ तास = ०.८ युनिट. महिन्याला २४! खोली कशाला तापवता, अंथरूण तापवा. झोपायच्या आधी अर्धा तास पूर्ण, मग कमीवर. घडी घालून ठेवू नका, आतली तार मोडते. गुंडाळून ठेवा.

पिल्लूवाला
आमच्या शेडात कोंबडीच्या दर पिल्लामागं २ वॅट बल्ब. पहिल्या आठवड्यात ३३-३५ अंश, मग दर आठवड्याला ३ अंश उतरवायचं. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर गार, कडेला पळाली तर गरम. थर्मामीटरपेक्षा पिल्लं खरं सांगतात.

बालाघाट
भाऊ इथं माणसं कुडकुडायलेत 😂

पिल्लूवाला
तत्त्व एकच हो. आम्ही सगळं शेड तापवत नाही. गोल पत्रा लावतो, तेवढंच तापवतो.

माळवद
बरोबर आहे त्यांचं. पण पत्र्याचं कुणीतरी सांगा हो.

गोदाकाठ
पत्रा रात्री आभाळाकडं उष्णता फेकत बसतो, पहाटे तर बाहेरच्या हवेपेक्षा गार होतो. म्हणून आतून थेंब पडतात. १०×१२ च्या खोलीत आत-बाहेर १० अंशांचा फरक ठेवायचा तर नुसत्या छतातून ६००-७०० वॅट जातात, म्हणजे एका हॅलोजनची कमाई. खाली इंचभर थर्माकोल लावला की तेच सव्वाशे-दीडशेवर येतं. पत्रा आणि थर्माकोलमध्ये दोन इंच पोकळी ठेवा. चिकटवलं तर आत ओल साचते, बुरशी येते. उघडा थर्माकोल पेट घेतो, म्हणून खालून प्लाय किंवा पीओपीची शीट हवीच, अन् वायर त्यातून पाईपाशिवाय नेऊ नका. हे काम एकदाच करायचं, उन्हाळ्यात पण तेवढंच कामी येतं. पत्रा आणि भिंत यांच्यामधली फट आधी बुजवा. पण सगळ्या बुजवू नका, एक झरोका राहू द्या. कारण पुढची पोस्ट.

सूतिका
कोळशाची शेगडी, घमेल्यातले निखारे: दार लावून झोपायचं नाही. कधीच नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, धूर नाही. डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप लागते ती शेवटची. बाळंतिणीच्या खोलीत शेक द्यायचा तर शेगडी बाहेर पेटवा, धूर सरला की आत आणा, दार उघडं ठेवा, शेक झाला की लगेच बाहेर. गॅसच्या गीझरचंही तेच, तो न्हाणीघराच्या आत बसवायचाच नाही.
अन् गरम पाण्याची पिशवी दोन तृतीयांश भरा, हवा दाबून काढा, उकळतं पाणी नको, फडकं गुंडाळा. साखरेचा आजार असलेल्यांच्या पायाला भाजलेलं कळत नाही, त्यांच्या पायाशी ठेवूच नका.

दुधना
बंब पेटवायला काय वापरता? तुराट्या भराभर जळून जातात

पऱ्हाटी
तुराट्यांनी पेट घ्यायचा, वर मक्याची बुरकुंडं किंवा बाभळीचं लाकूड. आधी पाणी भरा, मग जाळ. कोरड्या बंबाखाली जाळ झाला की सांध्याची झाळ सुटते. पऱ्हाट्याही (कापसाच्या वाळक्या काड्या) चालतात, पण घरामागं वर्षभराची गंजी नको, गुलाबी बोंडअळी त्यातच दडून राहते.

लिंबूफूल
२० लिटरची बादली १८ वरून ४२ अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट. गॅसगीझरवर एका सिलिंडरमध्ये २५० च्या आसपास बादल्या. आपापल्या दरानं गुणा. बोअरचं पाणी असलं तर गीझर ५०-५५ वरच ठेवा. ६० च्या पुढं क्षार कॉइलवर भराभर बसतो, मग तेवढ्याच पाण्याला जास्त वेळ. रॉडवर पांढरा थर आला की लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, तासभर बुडवून ठेवा. प्लग काढून!

बालाघाट
आयडी सार्थ 😄

पऱ्हाटी
हुरड्याला कधी येता सगळे? आगटीपुढं हीटर लागत नाही.

माळवद
हुरड्याचा वेगळा धागा काढा, इथं नको. @गोदाकाठ थर्माकोलची शीट पातळ घ्यायची की दाट?

गोदाकाठ
दाट. अंगठ्यानं दाबून बघा, खळगा पडून तसाच राहिला तर ती पॅकिंगची, परत द्या.