मदत हवी आहे: आमच्या हळदीचं इन्स्टाग्राम पेज कसं वाढवावं?

नमस्कार ताई-दादांनो. मी वसमत तालुक्यातली, जिल्हा हिंगोली. दरवर्षी आमची हळकुंडं मोंढ्यात जायची. यंदा थोडी राखून घरच्या घरी पावडर केली आणि पाव किलोच्या पाकिटांत भरली. एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षेची, नोंदणी झाली, चौदा आकडी नंबर पाकिटावर छापलाय. माल चांगला आहे, पण तो लोकांपर्यंत न्यायचं मला जमेना.

दोन महिन्यांपूर्वी इन्स्टाग्राम सुरू केलं. पाकिटाचे फोटो टाकले की कुणी ढुंकून बघत नाही. पण सासूबाई कुकरमधून वाफाळती हळद अंगणात पसरवत होत्या, तो साधा व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिला. खाली प्रश्न मात्र एकच, "सांगलीची का?" वसमत हळदीला 2024 मध्ये जीआय मानांकन (म्हणजे त्या भागाचाच खास माल अशी सरकारी ओळख) मिळालंय, तरी हे ऐकून जीव तुटतो.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टचंही तसंच. ज्यांनी माझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, म्हणजे नवं गिऱ्हाईक येतच नाही.

शिजवणं, वाळवणं, पॉलिश ही कामं उन्हाळ्यापर्यंत संपतात. मग उरलेलं वर्ष काय दाखवायचं? बोलायचं आपल्या मराठवाडी बोलीत, की पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी प्रमाण मराठीत? आणि पैसे देऊन जाहिरात आत्ताच करावी का? महिन्याला हजारभर रुपयेच काढू शकते.

ज्यांनी घरचा माल असा विकलाय, त्यांनी पहिले पन्नास अनोळखी गिऱ्हाईक कसे मिळाले ते सविस्तर सांगा.