30 शेळ्या अन् 7 खुंटे, नाही जमत हे पोराला कसं पटवून द्यायचं?

औश्याचा_बाप
पोरगं स्कॉलरशिपचं करायलंय. काल रात्री लाईट गेल्ती म्हणून आमच्या आज्ज्याचं कोडं घातलं त्याला, 30 शेळ्या 7 खुंट्याला बांधायच्या पण प्रत्येक खुंट्याला विषमच पाहिजेत. लै वेळ वहीवर मांडलं त्यानं, 5 5 5 5 5 3 करत बसलं अन् शेवटच्या खुंट्याला दोनच उरल्या की चिडलं. मी म्हणलं होतच नाही बाळा, तर मला म्हणतंय, पप्पा तुम्ही सगळे प्रकार करून बघितले का? आता काय सांगावं?

उदगीरकर_87
सोप्पंय की भाऊ. 30 सम आहे म्हणून होत नाही.

नांदेडचा_गणितवेडा
@उदगीरकर थांबा थांबा, 8 खुंटे द्या की, लगेच जमतंय. सातला तीन तीन, आठव्याला 9. 30 तर तिथं पण समच आहे. तुमचं कारण अर्धं आहे.
@औश्याचा_बाप पोराला 30 हरभरे द्या अन् फरशीवर 7 गोल काढा. आधी प्रत्येक गोलात एक एक ठेवायला लावा, कारण विषम म्हणल्यावर निदान एक तर पाहिजेच. उरले 23. आता कुठल्याही गोलात भर घालायची तर जोडीनंच घालावी लागती, एकटा टाकला की तिथं सम झालं. 23 च्या जोड्या लावल्या की 11 जोड्या अन् एक दाणा हातात राहतो, त्याला जागाच नाही. एकही प्रकार करून न बघता सगळे प्रकार निकालात निघाले बगा.

बीडवाला
पेपरात एवढा टाईम कोणाय? आम्ही तर ऑप्शन उडवायचो.

नांदेडचा_गणितवेडा
ऑप्शन उडवणं म्हणजे तरी काय, हे असेल तर ते होऊ शकत नाही, लॉजिकच की ते.

क्लासवाली_मॅडम_लातूर
पोराचा प्रश्न लै भारी आहे, दाबू नका. आमच्याकडं मुलं चार-पाच उदाहरणं जमली की नियम झाला म्हणून मोकळी होतात. मी त्यांना n²+n+41 देते, ऑयलर ह्या गणितज्ञाच्या नावानं ओळखतात ते. 0 टाका 41, 1 टाका 43, 2 टाका 47, सगळ्या मूळ संख्या. असं करत 39 पर्यंत मूळच येतात, मुलं कंटाळून म्हणतात मॅडम पटलं. मग 40 टाकायला लावते. 1681, म्हणजे 41 गुणिले 41. वर्गात एकदम शांतता!! चाळीस वेळा जमलं अन् एक्केचाळीसाव्याला फसलं, म्हणून करून बघितलं हे उत्तर नसतं, का होतं ते सांगता आलं पाहिजे.

औश्याचा_बाप
मॅडम, गणितवेडे भाऊ, थँक्यू. हरभऱ्याचं केलं, पटलं त्याला. पण लगेच म्हणतंय, एक खुंटा रिकामा ठेवला तर? सहाला पाच पाच, झाल्या की 30. मी गपच.

नांदेडचा_गणितवेडा
हुशार आहे की ओ! पण रिकामा म्हणजे 0, अन् 0 सम आहे. प्रत्येक खुंट्याला विषम ही अट तिथंच मोडली.

औश्याचा_बाप
सांगितलं. आता शून्य सम कसं काय म्हणून डोकं खायलंय, अन् बोलता बोलता चार हरभरे खाल्ले त्यानं. 26 उरलेत, ते पण बसेनात.