.22 सेमी-ऑटोमॅटिक रायफल : पुंगळी अडकते, बोल्ट पुरता मिटत नाही

गिरगावकर :
नमस्कार. माझ्या दिवंगत काकांची .22 बोअरची सेमी-ऑटोमॅटिक रायफल परवान्याचे सोपस्कार पूर्ण होऊन गेल्या वर्षी माझ्याकडे आली. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्यापूर्वी काका ती घेऊन कोकणात सशांच्या मागे जात असत. त्यानंतर ती बहुतेक काळ कपाटातच होती. आता वरळीच्या रेंजवर सराव करताना बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) हाताने ओढून भरलेले पहिले काडतूस व्यवस्थित उडते, परंतु पुढील चार-पाच फैरींत एकदा तरी रिकामी पुंगळी बाहेर न पडता खिडकीत उभीच अडकते, आणि कधी कधी नवे काडतूस आत जाऊनही बोल्ट तांदळाच्या दाण्याएवढा उघडा राहतो. तळहाताने ठोकल्यास तो बंद होतो. स्प्रिंग बदलावी काय?

परळचा फिटर :
ठोकणे आधी थांबवा. आपल्या .22 सारख्या रिमफायर काडतुसात पेट घेणारे मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेले असते. बोल्ट पुरता मिटण्याआधीच ते पेटले, तर पितळ फाटून त्याचे तुकडे खिडकीतून बाहेर उडतात. बोल्ट उघडा राहिल्यास नळी लक्ष्याकडेच ठेवून मॅगझिन काढावे, बोल्ट मागे ओढावा आणि चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसते ती जागा, डोळ्यांनी पाहावे.

आता स्प्रिंगविषयी. या बहुतेक रायफलींत बोल्टला कुलूप नसते. वायूच्या दाबाने मागे येणारी पुंगळीच त्याला ढकलते, आणि त्याचे वजन व स्प्रिंग मिळून त्याला आवर घालतात. पुंगळी उभी अडकते याचा अर्थ बहुधा बोल्ट पुरेसा मागे जात नाही. अशा वेळी अधिक कडक स्प्रिंग बसवली, तर तो आणखीच कमी मागे जाईल. त्यामुळे स्प्रिंगचा विचार सर्वांत शेवटी करावा.

दादरचा नेमबाज :
काडतुसे कोणती वापरता, हे आपण लिहिलेले नाही. नेमबाजीच्या सरावाची काडतुसे साधारणतः सेकंदाला 325 मीटरच्या आसपास वेग देतात, तर जास्त वेगाची 380 मीटरपर्यंत जातात, आणि पुष्कळ जुन्या शिकारी रायफली दुसऱ्या प्रकारावर बेतलेल्या आहेत. शिवाय .22 च्या गोळीला बाहेरून मेण किंवा ग्रीस असते. ते, जळलेली दारू आणि कपाटात वर्षानुवर्षे आटलेले तेल मिळून चिकट लेप तयार होतो. मुंबईच्या पावसाळ्यात गंजाच्या भीतीने आपण सगळेच तेल ओततो, हा खरा रोग आहे. बोल्टची वाट कोरडी पुसून पातळ तेलाचे दोनच थेंब द्यावेत आणि चेंबर पितळी ब्रशने घासावे.

माहीमकर :
मॅगझिनही पाहावे. वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेपुढेच असावी लागते. घाईत उलटे बसले की ती एकमेकांत अडकतात.

गिरगावकर :
सर्वांचे आभार. काडतुसे सरावाचीच होती. साफसफाई करून जास्त वेगाच्या 50 काडतुसांची पेटी वापरली, तेव्हा पुंगळी एकदाही अडकली नाही. बोल्ट मात्र तीनदा उघडा राहिला.

परळचा फिटर :
मग चेंबरच्या तोंडाची कड भिंगाखाली पाहावी. रिकाम्या रिमफायर रायफलीचा चाप वारंवार ओढला, की फायरिंग पिन पुंगळीऐवजी त्या कडेवर आपटते आणि लोखंड आत सरकते; मग काडतूस पुरते आत बसत नाही. तसे असल्यास कानस लावू नये. परवानाधारक कारागिराकडे ती कड आतून दाबून सरळ करण्याचे हत्यार असते.

गिरगावकर :
खाच सापडली, घड्याळात 12 वाजतात त्या जागी, नख अडकेल एवढी. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत काका रायफल रिकामी करून दाखवायचे आणि आम्ही पाचही भावंडे पाळीपाळीने चाप ओढायचो. सोमवारी कारागिराकडे नेत आहे.