'डिसक्लेम' म्हणजे हक्कसोड का? (अडलंय, मदत करा)

गोदाकाठची: एका अमेरिकन कुटुंबाच्या कागदांचं भाषांतर करतेय. आजोबांनी मृत्युपत्रात घर नातवाच्या नावे ठेवलंय आणि नातू ते डिसक्लेम करतोय. मी सरळ 'हक्कसोडपत्र' लिहिलं तर वकील मैत्रीण म्हणे चूक. तिकडच्या करकायद्यात ९ महिन्यांच्या आत लेखी नकार द्यायचा, तोवर त्या मालमत्तेचा काही फायदा घ्यायचा नाही आणि माझा वाटा अमक्याला द्या असंही सांगायचं नाही. वारस आधीच वारला असं धरून पुढची वाटणी होते. मग जे हातात घेतलंच नाही ते 'सोडलं' कसं म्हणू?

निफाडवाला: हक्कसोडच लिहा ओ, तलाठ्यापासून सगळ्यांना कळतं. आमच्या दोन्ही आत्यांनी केलं ना बागेचं, एका दिवसात काम झालं.

शुद्धमती: कळतं म्हणून काहीही लिहायचं का? दाय म्हणजे वारसा, दायाद म्हणजे वारस, मग 'दाय-अस्वीकार' लिहा. शब्द आपल्याकडे पडून आहेत.

निफाडवाला: पडूनच राहू द्या ताई 😄

मोडीवेडा: जुन्या कागदांत याला बेदावा म्हणायचे. बे म्हणजे विना, माझा दावा नाही, संपलं. फारकत पण मूळ फारिगखत, देणंघेणं फिटल्याचा कागद, नवराबायकोत नंतर आली.

शुद्धमती: बेदावा फारसी आहे.

मोडीवेडा: दस्त, वारस, हक्क, काय संस्कृत आहेत का?

पंचवटीकर: पिंपळगावात बेदावा म्हणालात तर लोक बेदाण्याचा भाव सांगतील.

मोडीवेडा: हसू नका, तोही बे तोच. बे-दाणा, बिनबियांचा.

सटाण्याची सून: निफाडवाले, आत्यांनी हक्क सोडला की सोडवून घेतला? माझ्या आईला रजिस्ट्रार ऑफिसला नेलं, दहा मिनिटांत चार ठिकाणी अंगठे, घरी येऊन साडीचोळी आणि पुरणपोळी. कागदावर 'स्वखुशीने' लिहिलेलं, आईला वाचता येत नाही. शाईचा अंगठा पदराला पुसत होती ते अजून दिसतं मला. तुमच्या त्या नातवाने निदान स्वतः नको म्हटलंय.

निफाडवाला: आमच्यात तसं नव्हतं, आत्या आजही हक्काने येतात. आणि तेव्हा मुलींना हिस्सा होता तरी का?

सटाण्याची सून: महाराष्ट्रात १९९४ पासून, देशभर २००५ पासून वडिलोपार्जितात मुलगी मुलाइतकीच हक्कदार. 'हक्काने येतात' म्हणे, कुठला हक्क उरलाय?

पंचवटीकर: बाप हयात असताना त्याच्या स्वतःच्या कमाईच्या जमिनीवर पोरींकडून लिहून घेतात ते तर हक्कसोड पण नाही. नुसती वारसाची आशा हस्तांतरित होत नाही, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ६. जे मिळालंच नाही ते काय सोडणार.

गोदाकाठची: अहो माझा प्रश्न हाच होता!! घेण्याआधीच नको म्हणणं, त्याला शब्द काय? 'वारसानकार' कसं वाटतं? उद्या सकाळी द्यायचंय.

शुद्धमती: नकार फारसीच आहे का ते आधी बघा.

पंचवटीकर: बरं मोडीवेडे, मग मनुका आणि बेदाणा एकच का?

निफाडवाला: एक कसे असतील, मनुक्यात बी असते. आमच्याकडे या, दाखवतो.