प्रतिसाद: स्क्रिप्ट लिहायची की थेट शूट करायचं?

वर एका मित्राने म्हटलंय, "स्क्रिप्ट लिहीत बसू नका, मोबाइल उचला, चार पोरं गोळा करा आणि सुचेल ते शूट करा." अर्धं पटलं. धुळ्याकडच्या हौशी नटाला प्रमाण मराठीतले संवाद पाठ करायला दिले की तो शाळेत धडा वाचल्यासारखा बोलतो. त्यालाच अहिराणीत मोकळं सोडा, मग बघा! तमाशातल्या जुन्या वगांतही संवाद मंचावर उभ्या उभ्या जुळायचे. पण गोष्ट आधी ठरलेली असायची, हे आपण सोयीस्कर विसरतो.

ब्रिटिश दिग्दर्शक माइक ली नटांबरोबर महिनोन् महिने उत्स्फूर्त तालमी करतात, आणि शूटिंगच्या वेळी संवाद बहुतेक पक्के झालेले असतात. म्हणजे लेखन झालेलंच असतं.

समजा, रावेरकडे केळीच्या बागेत प्रसंग आहे. मजूर घड कापता कापता मुकादमाशी भांडतो. तो घड एकदाच कापला जाणार. दुसऱ्या टेकला त्याने भलतंच वाक्य भलत्या वेळी काढलं, तर एका शॉटमध्ये घड झाडाला आणि पुढच्यात खांद्यावर. एडिटरने करायचं काय?

ज्याला पटकथालेखकच व्हायचंय त्याने प्रसंग पूर्ण लिहावेत: कोणाला काय हवंय, आडवं कोण येतं, प्रसंग कुठे तोडायचा. संवाद कच्चे ठेवा. तालीम मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि त्यातली जिवंत वाक्यं रात्री बसून उतरवून घ्या. निर्माता शेवटी कागदच मागतो.