फोनवरही कन्सोलसारखी एकच खेळाडू-ओळख सक्तीची असावी का?

पटावरची सोंगटी (धागाकर्ता)

मी कन्सोलवरही, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावरही, खेळतो आणि फोनवरही. फोनच्या ताकदीबद्दल आता माझी काहीही तक्रार नाही, कारण मुळात कन्सोलसाठी बनलेला 'रेसिडेंट इव्हिल व्हिलेज' २०२३ मध्ये आयफोन १५ प्रोवर आला, तेव्हाच तो वाद माझ्यापुरता मिटला. माझी तक्रार खेळाभोवतीच्या व्यवस्थेबद्दल आहे.

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००२ मध्ये आपल्या एक्सबॉक्स कन्सोलसाठी एक्सबॉक्स लाइव्ह ही ऑनलाइन सेवा सुरू केली, तेव्हा खेळाडूला एक नाव, एक मित्रयादी आणि बोलण्यासाठी हेडसेट मिळाला. खेळ बदलला तरी नाव तेच राहत असे, आणि मित्र दुसऱ्याच खेळात रमलेला असला तरी त्याला तिथून बोलावून घेता येत असे. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० सोबत अचीव्हमेंट्स, म्हणजे खेळात ठरावीक कामगिरी केल्यावर खात्यात जमा होणारी पदके, आल्या आणि २००८ मध्ये प्लेस्टेशन ३ वर तशाच ट्रॉफी आल्या. यातली खरी गोम सक्तीत होती. अचीव्हमेंट्स नसतील तर तो खेळ एक्सबॉक्स ३६० वर येऊच शकत नसे, त्यामुळे खेळाडूला ही व्यवस्था प्रत्येक खेळात सापडेल याची खात्री असे.

फोनवर अशाच सेवा म्हणून ॲपलने सप्टेंबर २०१० मध्ये गेम सेंटर आणले आणि गूगलने २०१३ मध्ये प्ले गेम्स आणले, पण त्या वापरणे खेळ बनवणाऱ्यांसाठी ऐच्छिक ठेवले. त्याचा परिणाम असा की माझ्या फोनवर आज सहा ऑनलाइन खेळ आहेत आणि सहा ठिकाणी माझी सहा नावे आहेत. मित्राला खेळायला बोलवायचे झाले तर आधी व्हॉट्सॲपवर 'आहेस का?' असे विचारावे लागते. माझे म्हणणे असे आहे की ओळख, मित्रयादी, आवाजी संवाद आणि निमंत्रण या चार गोष्टी फोनच्या प्रणालीनेच (आयओएस किंवा अँड्रॉइडने) द्याव्यात, आणि ऑनलाइन खेळ स्टोअरवर ठेवायचा असेल तर त्या वापरणे बंधनकारक करावे.

उंबरठा

धागाकर्त्यांची अडचण खरी आहे, पण उपाय मला मान्य नाही, कारण हा प्रयोग एकदा होऊन गेला आहे आणि त्याचा शेवट आम्ही पाहिला आहे. गेम सेंटरच्या आधी, २००९ मध्ये, ओपनफेंट नावाची सेवा आली. तिने वेगवेगळ्या कंपन्यांच्या खेळांना एकच खेळाडू-खाते, गुणतक्ते, अचीव्हमेंट्स आणि मित्रयादी पुरवली, म्हणजे आपण मागत आहात त्यातले बरेचसे तिच्याकडे होते. २०११ मध्ये ग्री या जपानी कंपनीने ती १० कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली आणि डिसेंबर २०१२ मध्ये बंद केली. ज्या छोट्या निर्मात्यांनी आपली सगळी ऑनलाइन बाजू तिच्यावर सोपवली होती, त्यांना ती एक तर दुसरीकडे न्यावी लागली किंवा सोडून द्यावी लागली.

ती त्रयस्थ कंपनी होती, प्रणालीचा मालक असे करणार नाही, असे आपण म्हणाल. गूगलने प्ले गेम्समधली अनेकांनी एकत्र खेळण्याची सोय, तत्क्षणी खेळण्याची आणि पाळीपाळीने खेळण्याची अशी दोन्ही प्रकारची, ३१ मार्च २०२० रोजी बंद केली. ॲपलने २०१६ मध्ये आयओएस १० आणताना गेम सेंटरचे स्वतंत्र ॲप काढून टाकले आणि सेवा तेवढी मागे ठेवली; खेळांसाठी पुन्हा वेगळे ॲप दिसायला २०२५ साल उजाडावे लागले. कन्सोलचा धंदा खेळांवरच चालतो, म्हणून तो बनवणारी कंपनी आपली सेवा जिवापाड जपते. फोनची प्रणाली बनवणाऱ्यांना मात्र खेळातला वाटा हवा असतो, खेळाडू सांभाळण्याची जबाबदारी नको असते. अशांच्या हाती सक्तीचे अधिकार देणे म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीवर स्वतःच्या घराचा नळ जोडण्यासारखे आहे.

(जाता जाता: ओपनफेंट उभारणाऱ्या जेसन सिट्रन यांनीच पुढे २०१५ मध्ये डिस्कॉर्ड हे खेळाडूंसाठीचे गप्पांचे आणि आवाजी संवादाचे ॲप आणले. खेळाडूंना जे हवे होते ते शेवटी प्रणालीच्या बाहेरच मिळाले.)

सायंतारा

मला या चर्चेत एक वेगळीच अडचण दिसते. कन्सोलवर मित्राच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला की त्याचा अर्थ स्पष्ट असतो: तो माणूस टीव्हीसमोर बसला आहे आणि त्याच्या हातात कंट्रोलर आहे. फोन दिवसभर खिशातच असतो, मग 'ऑनलाइन' या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा? मी लोकलमध्ये दादर ते ठाणे एवढ्या वेळात कोडी सोडवते, तेव्हा मला कोणाचेही निमंत्रण नको असते. शिवाय मध्येच घरून फोन आला की खेळ मागे पडतो आणि उरलेले तिघे माझ्या नावाने बोटे मोडत बसतात. कन्सोलची व्यवस्था उचलून फोनवर ठेवता येईल, पण कन्सोलसमोरची ती बैठक कुठून आणणार?

माजघर

मी खेळाडू नाही, पण सातवीतल्या मुलाची आई आहे, आणि मला धागाकर्त्यांची सक्ती हवी आहे. उंबरठा यांचा प्रतिसाद निर्मात्यांची काळजी करतो. मी घरातली अवस्था सांगते.

आमच्याकडे कन्सोल आहे. त्यावर मुलाचे खाते माझ्या खात्याखाली आहे. अनोळखी माणसांशी बोलणे बंद, मित्र जोडायचा तर माझी परवानगी आणि खेळण्याची वेळ ठरलेली. हे सगळे मी एकदाच केले आणि ते प्रत्येक खेळाला लागू झाले. फोनवर मात्र खेळ तितक्या सेटिंगच्या जागा आहेत. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा खेळ २०२१ मध्ये आला तेव्हा अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी दिवसाला ३ तास खेळ आणि ७,००० रुपये खर्च अशा मर्यादा ठेवल्या होत्या. मर्यादा असणे चांगलेच आहे, पण ती त्या एका खेळापुरती असते. तिथले तीन तास संपले की मुलगा दुसरा खेळ उघडतो, आणि तिथे तो पंचवीस वर्षांचा असतो.

गेल्या वर्षी अशाच एका खेळात, त्याचे नाव घेत नाही, एक अनोळखी माणूस माइकवरून त्याच्याशी अत्यंत घाणेरडे बोलला. आम्ही त्याला ब्लॉक केले. तोच माणूस आठवड्याभराने दुसऱ्या खेळात भेटला. नाव वेगळे होते, पण मुलाने आवाज ओळखला. तक्रारीवर उत्तर आले की आमच्या खेळात या नावाचा कोणीही खेळाडू नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. ती संमती सहा ठिकाणी देण्यापेक्षा एकदा प्रणालीलाच का देऊ नये?

रात्रपाळी

माजघर यांच्या अनुभवाविषयी वाईट वाटले, आणि त्यांच्या पालक-नियंत्रणाच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. परंतु संपूर्ण सक्तीला माझा विरोध आहे. १३ ऑगस्ट २०२० रोजी ॲपलने फोर्टनाइट हा खेळ आपल्या स्टोअरवरून काढून टाकला. भांडण पैसे घेण्याच्या पद्धतीवरून होते, चूक खेळाडूंची नव्हती. तरीही ज्यांनी खेळाच्या स्वतःच्या खात्यातून प्रवेश घेतला होता, त्यांचे खेळातले कमावलेले सामान पीसीवर आणि कन्सोलवर शाबूत राहिले. खाते फोनच्या प्रणालीच्या ताब्यात असते तर त्या भांडणात खेळाडूच ओलीस राहिला असता. आपल्याकडे तर बहुतेकांचे फोन अँड्रॉइडचे आहेत आणि मित्रमंडळींतला एखादाच आयफोनवाला असतो. त्याची मित्रयादी कोणत्या बाजूला ठेवणार?

दुसरे असे की फोनवरचा सर्वांत अवघड प्रश्न निर्मात्यांनीच सोडवला आहे, प्रणालीने नाही. अंगठ्यांनी काचेवर खेळणारा आणि माउसने नेम धरणारा यांना एकाच सामन्यात टाकले तर पहिल्याची धडगत नसते. म्हणून पबजी मोबाइलने पीसीवरच्या एम्युलेटरवरून (पीसीवर फोनचे खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून) खेळणाऱ्यांना वेगळ्या सामन्यांत टाकले. हा निर्णय खेळ आतून ओळखणाराच घेऊ शकतो.

पटावरची सोंगटी (धागाकर्ता)

सायंतारा यांचा ठिपक्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता आणि तो मला पूर्णपणे पटला. खेळाडूने स्वतः 'आता खेळायला मोकळा आहे' असे सांगितल्याशिवाय तो कोणालाही दिसू नये, असे मी माझ्या मागणीत दुरुस्त करतो. कोणाला कोणाबरोबर सामन्यात टाकायचे हे ठरवणे खेळाकडेच राहावे, हेही मान्य.

परंतु डिस्कॉर्डचे उदाहरण, उंबरठा, माझ्याच बाजूचे आहे असे मला वाटते. डिस्कॉर्ड इतके वाढले, कारण प्रणालीने जागा मोकळी सोडली होती. आणि ज्या मुलाला तिथे खाते काढायची परवानगी नाही, त्याच्यासाठी ती जागा अजूनही मोकळीच आहे. रात्रपाळी यांची भीती सामान आणि प्रगती यांच्या मालकीची आहे, म्हणून त्या दोन्ही गोष्टी खेळाच्या खात्यातच राहू द्याव्यात. माझी सक्ती आता तीनच गोष्टींपुरती उरते: ब्लॉक केलेल्यांची यादी, माइकचे नियंत्रण आणि वयाची नोंद.

उंबरठा

तीनपैकी माइक आणि वय मी मान्य करतो. ब्लॉक-यादीवर मात्र अडतो. माजघर यांना भेटलेल्या माणसाची दोन खेळांत दोन नावे होती. तो एकच आहे हे प्रणालीला कळायचे तर तिला प्रत्येक खेळाडूची खरी ओळख, म्हणजे निदान फोन क्रमांक, प्रत्येक खेळाशी जोडून ठेवावा लागेल. तसे केले तर आपण दाराने बाहेर काढलेली सक्तीची एकच ओळख खिडकीतून परत आत येते.

माजघर

ओळख देऊनच सिम मिळते, त्या क्रमांकावरच बँकेचे ओटीपी येतात, आणि खेळही त्याच फोनवर चालतो. मुलाशी रात्री दहा वाजता माइकवर बोलणाऱ्याचा क्रमांक कुठेतरी नोंदलेला असावा, एवढ्याला माझी काहीच हरकत नाही.