६ इंची ३०० क्लास फ्लँजला १२.९ चे स्टड टाकू का? टेस्टला पाणी सुटतंय

गिरणाकाठ (जळगाव एमआयडीसी)

राम राम मंडळी. एका डेपोच्या डिझेल लाइनवर फ्लँज (पाइपाच्या टोकाच्या भोकं पाडलेल्या चकत्या) जोडायचं काम आहे. ६ इंच, क्लास ३०० (दाबाचा वर्ग), रेझ्ड फेस (मधला भाग उंच), फ्लँज ए१०५ पोलादाचे, मध्ये स्पायरल वाउंड गॅस्केट. दर जोडाला ३/४ इंची १२ स्टड (दोन्हीकडे नट बसणारे, बिनडोक्याचे बोल्ट), ग्रेड बी७ (ए१९३ स्पेकचा), नट २एच ग्रेडचे. हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) ७५ बारला घ्यायची आहे. दोन जोड ५५ च्या आसपास गळायला लागतात. रिंग पान्याला चार फुटी पाइप लावून पोरांनी जीव तोडून आवळलेत, तरी तेच.

ठेकेदाराचं म्हणणं, बी७ कमजोर पडतोय, १२.९ ग्रेडचे, जास्त ताकदीचे हाय टेन्साईल टाका. जळगावात लगेच मिळतात, झिंक केलेले. बी७ परत मागवायचे तर मुंबईहून यायला वेळ जातो.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. १२.९ टाकले तर काय बिघडेल? टॉर्क (पान्याने द्यायचा पीळ) नक्की किती द्यायचा? आणि हे स्टड आपल्याच एमआयडीसीत बनवून घेता येतील का?

पाना_पहार (भुसावळ)

बी७ कमजोर नाही. त्याच्यात जेवढा ताण यायला हवा तेवढा आलेला नाही, किंवा काहींत जास्त आणि काहींत काहीच नाही. आकडे मांडून बघा.

बी७ ची यील्ड (ज्या ताणाला तो कायमचा लांबायला लागतो) ७२० एमपीए (मेगापास्कल), तुटायची ताकद ८६०. नेहमीच्या जोडाला यील्डच्या निम्मा ताण धरतात, म्हणजे ३६०. ३/४ इंच १० आट्यांच्या स्टडचं ताण घेणारं क्षेत्रफळ २१५ चौरस मिमी. म्हणजे एका स्टडला ७७ किलोन्यूटन, पावणेआठ टनांच्या वर. बारा मिळून सव्वानऊशे किलोन्यूटन. ७५ बारला आतलं पाणी फ्लँज उघडायला साधारण सव्वादोनशे किलोन्यूटनने ढकलतं. उरले सातशे. ते गॅस्केटच्या सुमारे ८३०० चौ. मिमी पट्ट्यावर पडतात, म्हणजे ८४ एमपीए. स्पायरल वाउंड नीट बसायला कोडमध्ये ६९ धरतात. तेव्हा बी७ ला निम्म्या ताणावर ठेवूनही काम भागतं आणि वर थोडी शिल्लक राहते. १२.९ ची जास्तीची ताकद इथे वापरायची कुठे?

आता टॉर्क. सूत्र साधं आहे: टॉर्क = के × व्यास × स्टडमधली ओढ (किलोन्यूटनवाली). ‘के’ हा घर्षणाचा आकडा, आणि सगळा घोळ त्याच्यातच होतो. मोली पेस्ट नीट लावली तर के ०.१७ च्या आसपास, मग २५० न्यूटन-मीटर. तोच २५० कोरड्या, थोड्या गंजलेल्या आट्यांवर दिला (के ०.२७ धरा) तर स्टडमध्ये ४८ किलोन्यूटनच पोचतात. बाराचे ५८०, त्यातून पाण्याचा धक्का वजा केला की गॅस्केटवर ४२ एमपीए. गळणारच. उलट पीटीएफई (टेफ्लॉन) कोटिंगच्या निळ्या स्टडवर के ०.१२ असतो. त्यांना २५० दिला तर १०९ किलोन्यूटन, म्हणजे यील्डच्या ७० टक्के. त्यांना १७५ पुरतो. म्हणून ‘३/४ ला किती टॉर्क’ असं नुसतं विचारू नये, आट्यांवर काय लावलंय ते आधी सांगावं.

पाइपचं सांगतो. चार फुटांवर एका माणसाने ३५ किलोचा जोर लावला की ४१० न्यूटन-मीटर झाले. दोघे लोंबकळले तर सातशे. पेस्ट लावलेल्या स्टडवर सातशे दिले तर ताण हजार एमपीएच्या पुढे जातो, म्हणजे स्टड गेलाच. तुमच्या जोडात पहिले दोन-चार स्टड लांबले असतील आणि समोरचे ढिले असतील. पाइप आधी बाजूला ठेवा.

धुळ्याचा_धातू

१२.९ बद्दल. ताकदीचा प्रश्न वर संपलाच, आता हार्डनेस बघा. बी७ ला हार्डनेसची वरची मर्यादा ३५ एचआरसी (रॉकवेल मोजणी). १२.९ चा हार्डनेस ३९ ते ४४. एवढ्या कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते आतून ठिसूळ होतं आणि यील्डच्या खूप खालच्या ताणावर, आवळल्यानंतर काही तासांनी किंवा काही दिवसांनी, अचानक तुटतं. लांबत नाही, आधी काही खूण देत नाही. टेस्टला पास होतो, लाइन चालू झाल्यावर तुटून उडतो.

हायड्रोजन येतो कुठून? तुम्ही म्हणता ते ‘झिंक केलेले’. प्लेटिंगच्या आधी ॲसिडमध्ये पिकलिंग होतं, मग इलेक्ट्रोप्लेटिंग, दोन्हींत हायड्रोजन सुटतो. कडक बोल्टना प्लेटिंगनंतर लगेच, सुमारे २०० अंशांवर कित्येक तास बेक करून तो बाहेर काढावा लागतो. दुकानातल्या डब्यावर बेकिंगचा पुरावा कोणी देत नाही.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. डिसेंबर २०१२ मध्ये मेक्सिकोच्या आखातात एका खोल समुद्रातल्या विहिरीवर ब्लोआउट प्रिव्हेंटरच्या (विहीर बंद करणाऱ्या भल्यामोठ्या व्हॉल्व्हच्या) वरच्या कनेक्टरचे बोल्ट तुटले आणि ड्रिलिंगचा चिखल समुद्रात गेला. तिथल्या सरकारी तपासात कारण निघालं हायड्रोजनमुळे पडलेले तडे, आणि झिंक प्लेटिंगनंतरचं बेकिंग नीट न होणं. ते बोल्ट मोठ्या कंपन्यांच्या तपासणीतून पास होऊन आले होते.

आणखी एक हायड्रोजनचा रस्ता: जोड जमिनीत किंवा व्हॉल्व्हच्या खड्ड्यात असेल आणि लाइनला कॅथोडिक प्रोटेक्शन (गंज रोखायला दिलेला विजेचा प्रवाह) असेल, तर ते प्रोटेक्शनच पोलादावर हायड्रोजन तयार करतं. तापीकाठच्या काळ्या मातीत पावसाळाभर ओल टिकते, खड्ड्यात पाणी साचतं. तिथे १२.९ अजिबात नको.

डिझेलमध्ये एच२एस (हायड्रोजन सल्फाइड) नसतो म्हणून तुम्हाला साधा बी७ चालतो. आंबट, म्हणजे एच२एस असलेला गॅस किंवा क्रूड असेल आणि स्टड झाकलेला, पुरलेला किंवा इन्सुलेशनखाली असेल, तर बी७ सुद्धा नको. तिथे बी७एम, हार्डनेस जास्तीत जास्त २३५ ब्रिनेल, नट २एचएम. यील्ड ५५० वर येते. आयएसओ १५१५६ मध्ये अशा साध्या पोलादाला २२ एचआरसी ची मर्यादा आहे ती ह्याच भीतीने. म्हणजे जिथे धोका जास्त तिथे मुद्दाम *कमी* ताकदीचा स्टड लावतात. ठेकेदाराला हे एक वाक्य ऐकवा.

८.८ बद्दल (१२.९ च्या खालचा ग्रेड) कोणी विचारायच्या आत: आयएसओ ८९८ चे बोल्ट १५० अंशांच्या आतल्या कामाला आहेत, आणि पाइपिंगच्या स्पेकमध्ये ए१९३ लिहिलं असेल तर इन्स्पेक्टर ८.८ ला हात लावणार नाही.

नंदुरबारी

हाऊ सवाल भारी शे भो. पण एक कोणी विचारलं नाही: फ्लँज समांतर आहेत का? स्टड काढून नुसते समोरासमोर ठेवा आणि फटीचं माप चार ठिकाणी घ्या. बी३१.३ ह्या पाइपिंग कोडमध्ये २०० मिमीला १ मिमी इतकाच तिरपेपणा चालतो आणि भोकं ३ मिमीच्या आत जुळली पाहिजेत. पहार घालून ओढलेला जोड कितीही आवळा, गळतो.

गिरणाकाठ

माप घेतलं. मोकळे सोडल्यावर फ्लँज ठीक आहेत, फरक अर्धा मिमीच्या आत. पण आवळलेल्या स्थितीत एका बाजूला फट १.२ मिमी जास्त होती. पेस्ट लावली नव्हती, स्टडला गोदामातलं पातळ तेल होतं. काही नटांखाली फ्लँजवर रंगाचा जाड थर आहे. आणि तीन-चार नट वेगळ्या खोक्यातले आहेत, आट्यांवर चढतात पण थोडे ढिले वाटतात.

पाना_पहार (भुसावळ)

१.२ म्हणजे एका बाजूने ओळीने आवळत गेलेत. आणि रंगाने तुम्हाला चांगलंच फसवलंय.

स्टड इथे ताणलेल्या स्प्रिंगसारखा वागतो, पण ताण किती बारीक आहे ते बघा. दोन फ्लँज मिळून ७३ मिमी, गॅस्केट आणि नटांचा भाग धरून कामाची लांबी ९५ मिमीच्या आसपास. ३६० एमपीए ला हा स्टड लांबतो फक्त ०.१७ मिमी. त्यात नटाखालचा रंग ०.०५ मिमी चेपला तरी जवळजवळ तिसरा हिस्सा ताण गेला. गॅस्केट स्वतः चेपतं ते वेगळं. नट बसतात ती जागा घासून उघड्या धातूवर आणा.

आता क्रम. गळणारा जोड पूर्ण उघडा, आणि प्रेशर उतरवल्याशिवाय पाना लावू नका. टेस्ट चालू असताना ‘जरा एक घास देऊ’ म्हणून आवळणं हा सगळ्यात घातक प्रकार आहे. गॅस्केट नवीन घ्या, एकदा चेपलेलं स्पायरल वाउंड पुन्हा चालत नाही. ज्या स्टडला पाइप लावला ते सगळे बाद करा, लांबलेला स्टड डोळ्याला दिसत नाही. नट हाताने पूर्ण आट्यांवर फिरला पाहिजे, अडकला तर तो बाजूला. पेस्ट आट्यांवर आणि नटाच्या बसणाऱ्या तोंडावर, दोन्हीकडे. निम्मं घर्षण नटाच्या तोंडाखालीच असतं आणि तिथे पेस्ट लावायचं कोणाला सुचत नाही. गॅस्केटवर मात्र काही लावू नका.

खडूने नंबर टाका, १ ते १२. क्रम १-७-४-१०, मग २-८-५-११, मग ३-९-६-१२. पहिली फेरी ७५ न्यूटन-मीटर, दुसरी १७०, तिसरी २५०. दर फेरीनंतर फट मोजा. मग २५० वरच गोल फेरी, एकामागून एक, कुठलाच नट हलेना तोवर. इथे लोक कंटाळतात, पण गॅस्केट समान बसतं ते ह्याच फेरीत. चार तासांनी आणखी एक गोल फेरी, मगच टेस्ट. ही पद्धत एएसएमई पीसीसी-१ (फ्लँज जोडणीची मार्गदर्शिका) मधली आहे.

टॉर्क रेंच कॅलिब्रेशन केलेला घ्या. तरीही टॉर्कने दिलेल्या ताणात स्टडागणिक तीस टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. ३/४ ला ते चालून जातं. मोठ्या व्यासाच्या किंवा जास्त क्लासच्या जोडाला हायड्रॉलिक टेन्शनर वापरतात तो त्यासाठीच.

कडक वायसर टाकले तर नटाखालचं घर्षण एकसारखं राहतं, माझं मत टाकावेत.

तापी_टर्निंग (जळगाव)

वायसर टाकायचे तर स्टडची लांबी बदलते, हे सांगायला हवं. ह्या जोडाला तक्त्यात १२० मिमी (पावणेपाच इंच) आहे, वायसर न धरता. दोन कडक वायसर म्हणजे सात-आठ मिमी गेले, मग नटाच्या बाहेर आटाच उरत नाही. वायसर हवे असतील तर १३० मागवा. आणि तक्त्यातली लांबी टोकांचे उतार सोडून असते, एकूण लांबी मोजून ऑर्डर दिली की स्टड आखूड येतात.

ढिल्या नटांचं: ते बहुतेक व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश आट्यांचे) आहेत. ३/४ ला व्हिटवर्थचे पण इंचाला १० आटे आणि तुमच्या स्टडच्या यूएनसी (अमेरिकन) आट्यांचे पण १०. फरक कोनाचा, एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. म्हणून नट चढतो, पण आटे पूर्ण अंगाने टेकत नाहीत आणि ताण आला की सोलतात. खानदेशातल्या जुन्या हार्डवेअर दुकानांत दोन्ही एकाच खोक्यात सापडतात. तोंडावर २एच आणि बनवणाऱ्याची खूण नाही तो नट टाकून द्या. हेवी नट आहे का तेही बघा: पाना सव्वा इंची लागला पाहिजे. सव्वाइंचीऐवजी १-१/८ चा पाना बसला तर तो साधा नट आहे.

एमआयडीसीत बनवता येतात का? लेथवाले भरपूर आहेत, अडचण लेथची नाही. माल ईएन१९ हवा (४१४० च्या जातीचा, क्रोमियम-मॉलिब्डेनम). ईएन८ ची (साध्या कार्बन पोलादाची) सळई ‘बी७ सारखीच’ म्हणून देतात, ती नको. नुसती ईएन१९ घेऊनही बी७ होत नाही. तेलात क्वेंच करून किमान ५९३ अंशांवर टेम्पर झालेली पाहिजे. त्याहून कमी तापमानाला टेम्पर केली की ताकद जास्त दिसते, हार्डनेस मर्यादेबाहेर जातो. हीट ट्रीटमेंटचा चार्ट, दर हीटचं रासायनिक पृथक्करण, टेन्साईल आणि हार्डनेसचे रिपोर्ट, आणि प्रत्येक स्टडच्या टोकावर बी७ व बनवणाऱ्याची खूण, एवढं असेल तर करा. डेपोवाले ३.१ सर्टिफिकेट (बनवणाऱ्याचा तपासणी दाखला) मागतात. ते देणारा कारखाना नसेल तर २४ स्टडसाठी हा उपद्व्याप परवडत नाही. मुंबईच्या नागदेवी बाजारातून मागवा, पण सर्टिफिकेटवरचा हीट नंबर आणि स्टडवरची खूण जुळवून मगच पैसे द्या. शंका आली तर एक स्टड हार्डनेसला लावा. ३५ च्या वर किंवा २४ च्या खाली आला तर लॉट परत.

गिरणाकाठ

नट तपासले, चारही व्हिटवर्थच निघाले. १२.९ रद्द. १३० मिमीचे २४ स्टड, ४८ नट, ४८ वायसर आणि दोन गॅस्केट मागवतोय. एकच शंका: इथे दुपारी ४४-४५ अंश असतात, उन्हात फ्लँजला हात लावत नाही. आवळताना त्याचा फरक पडेल?

पाना_पहार (भुसावळ)

फ्लँज आणि स्टड दोन्ही सारखेच तापलेले असतील तर फार नाही. सावलीत ठेवलेले स्टड उन्हातल्या फ्लँजला लावून लगेच पूर्ण आवळू नका, अर्धा-पाऊण तास एकत्र राहू द्या. पेस्टचा डबा मात्र उघडा ठेवू नका, धूळ बसली की के बदलतो. सकाळी सहाला सुरू करा, चार तासांची फेरी दहा-अकराला येते. नट ४८ ऐवजी ५० मागवा, एखादा अडकतोच.